जुना मसाला नव्यात

परवा डॉक्टरांनी माझ्या डायबेटिसच्या दोन गोळ्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी एकच दिली. दोन्ही औषधं हिच्यातच आहेत म्हणाले. घरी जुन्या पट्ट्या उरल्यात, त्यांचं काय करू, असं मी विचारलंच. सवय जात नाही.

आमच्या लालबागच्या खोलीत कुठलीही वस्तू संपल्याशिवाय टाकत नसत. मे महिन्यात आई मिरच्या भाजायची, मसाला कांडून आणायची आणि गेल्या वर्षीचा उरलेला त्यात मिसळायची. त्याशिवाय बरणीला झाकण लागत नसे. चव पुढे जाते, म्हणायची.

तिला डायबेटिस निघाला तेव्हा बाबा नव्हते, त्यामुळे घरातला कर्ता मी. लगेच सात खणांची डबी आणली. दर रविवारी चष्मा लावून तिच्यात गोळ्या भरायचो, आणि ते करताना कुणीतरी बघावं अशी माझी इच्छा असायची. आई चहात चोरून साखर घालते असा संशय होता, म्हणून साखरेची बरणीही लपवली.

पुढे तिच्याही दोन गोळ्यांची एक झाली. जुन्या मात्र महिनाभर पुरतील इतक्या होत्या. मी जुन्या दोन आणि नवी एक, तिन्ही एकाच खणात भरल्या. उरलेलं नव्यात मिसळायचं, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. शिवाय साखर लवकर उतरेल, ही अक्कल माझी स्वतःची.

उतरली. चौथ्या दिवशी जेवणाआधी आई मिरच्या भाजत होती. करपल्याचा वास आला म्हणून गेलो, तर झारा हातात धरून ती नुसती उभी. अंगावरचं लुगडं घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. मी गॅस बंद करून तिला खाली बसवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाळी सुटली काय रे मिलची?" बाबांची मिल बंद होऊन किती वर्षं झाली होती.

माझी हाक ऐकून शेजारच्या काकू आल्या. त्या इस्पितळात आया होत्या. म्हणाल्या, साखर उतरलीय, आधी साखरपाणी पाज. आणि बरणी मी कुठे ठेवली होती ते मला आठवेना. माळा बघितला, ट्रंक बघितली, गाद्यांच्या मागे हात घातला. काकू स्वतःच्या घरी धावल्या. तेवढ्यात आईने मान वळवली आणि जड जिभेने म्हणाली, "थंय बघ. पिठाच्या डब्यात."

पिठात कोपरापर्यंत हात घातला. तिथेच होती.

साखरपाणी पाजल्यावर ती सावरली, पण डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बसवून पुन्हा पुन्हा साखर तपासली. या गोळ्यांनी एकदा उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणाले. डबी बघितल्यावर मला जे बोलले ते सगळं खरं होतं. आई मात्र बाकावर बसून बिस्किट खात होती.

"तुला कसं ठाऊक, बरणी कुठे ते?" मी विचारलं.

"तू लपवलंस त्याच दिसा माका गावली," ती म्हणाली. "खाल्ली नाय पण. तुका बरा वाटत होता ना."

त्यानंतर ती बरीच वर्षं होती, आणि डबी ती स्वतः भरायची.

परवा माझ्या जुन्या पट्ट्या मी कापून केमिस्टकडे दिल्या. आमच्या घरातून अर्धवट टाकलेली ही पहिलीच वस्तू असावी. घरी आलो तर बायको साखरेची बरणी घेऊन उभी, कुठे ठेवू म्हणून. म्हटलं, समोरच्या फळीवर ठेव, मला दिसेल अशी.