खुणेशिवाय आलेला निरोप

मालवणपासून थोडं आत, माडांच्या बागेत आमचं घर. गेल्या वर्षी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. घरातल्या पुरुषांचं म्हणणं होतं, एक हंगाम करून बघा. नाव झालं तर ठीक, नाहीतर खोल्यांना कुलूप लावा आणि गप्प बसा. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पुण्याला संगणकाचं काम करणाऱ्या मावसभावाच्या मागे लागून मी वेबसाइट करून घेतली. त्याने बुकिंगसाठी एक तयार प्लगइन, म्हणजे साइटला जोडायची आयती पुरवणी, बसवून दिलं. पाहुण्यांनी साइटवर तारीख भरायची, तशी मेल आम्हाला येणार, मग जाऊबाई फोन करून बोलणार, अशी पद्धत ठरली.

वेबसाइटच्या आत मी एकदा लॉगिन झाले ती झालेच. काम झालं की लॉग आउट कर, असं मावसभाऊ कानीकपाळी ओरडायचा. पण जाऊबाईंच्या मते लॉग आउट म्हणजे दार लावणं. आमच्याकडे तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं ठेवतात, लक्ष्मी माघारी जाऊ नये म्हणून. "लावू नको गो, पावणे परततले," त्या म्हणायच्या. मलाही ते पटायचं, म्हणून साइट कायम उघडी.

हंगामाच्या तोंडावर एक मेसेज आला. तुमच्या घराचे फोटो पर्यटकांनी टाकलेत, बघा. आपल्या घराचं कौतुक कोणाला नको असतं? मी लिंक उघडली तर पान कोरं. दोन शिव्या हासडल्या आणि चुलीवरचा भात बघायला गेले.

पुढे एक-दोन दिवसांत कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा जाऊबाईंना फोन आला. त्यांची एक खोली आधीच ठरली होती. बहीणही यायची म्हणाली म्हणून त्यांनी साइटवर दुसरी भरली होती. "अहो ताई," त्या म्हणाल्या, "सगळे पैसे आजच नव्या खात्यावर पाठवा असं तुमचं उत्तर आलंय. पण त्यात खूण नाही. मी विचारली, तर उलट मलाच विचारलं, कसली खूण?"

खूण हा आमच्या सासरचा जुना रिवाज. शेतावरून कोणाला घरी कोयता आणायला पाठवलं, तर फक्त घरच्यांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट त्याच्याबरोबर सांगून पाठवायची. आज सकाळी पहिला घावणा करपला होता, असं काहीतरी. खूण पटल्याशिवाय सासूबाई सुईसुद्धा देत नसत. स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने आमचे पाहुणे भलत्याच घरी नेऊन उतरवले, तेव्हापासून जाऊबाई फोनवर प्रत्येक पाहुण्याला एकेका माशाचं नाव खूण म्हणून देत होत्या; आमचा निरोप असेल तर त्यात ते असणारच. मी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. कोल्हापूरच्या बाईंच्या वाट्याला पेडवे आले होते, आणि त्यांनी ते नीट लक्षात ठेवले होते.

आम्ही तर त्यांना कसलंच उत्तर पाठवलं नव्हतं. मी तडक मावसभावाला फोन लावला. त्याने पुण्यातूनच साइट उघडून बघितली आणि म्हणाला, "पासवर्ड कोणी चोरूक नाय. तू आत होतंस. ती लिंक उघडलंस तेवा त्या पानान तुझ्याच ब्राउझराकडसून आपल्या साइटीक सांगल्यान, बुकिंगाची मेल दुसऱ्या पत्त्यार धाड. साइटीक वाटला, मालकीणच सांगता."

म्हणजे माझ्याच हातून हुकूम सुटला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पाहुण्यांच्या मेल कुणा चोराकडे जात होत्या आणि आमच्या नावाने तोच उत्तरं देत होता. चांगल्या प्लगइनमध्ये म्हणे प्रत्येक फॉर्मबरोबर एक गुप्त खूण जाते, ती जुळली तरच बदल करायचा. आमचं प्लगइन ती तपासतच नव्हतं. दुरुस्त केलेलं प्लगइन येऊन पडलं होतं, पण अपडेटचं बटण कोणी दाबलं नव्हतं. मावसभावाने ते दाबलं, मेलचा पत्ता आमचा केला आणि मला लॉग आउट व्हायला लावलं.

"आणि पावणे?" मी घाबरत विचारलं.

"गो बाय, पावण्यांका तुझो लॉगिन कित्याक व्हयो?"

इतकी हसले मी, पण ते हसू टिकलं नाही. साइटवरच्या नोंदीत दिसलं, त्या दोन दिवसांत नाशिकच्या आणखी एका कुटुंबाने तारीख भरली होती. त्यांच्याशी जाऊबाई एकदाही बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याजवळ खूणही नव्हती. मी फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. आमच्या नावावर कोणी फसलं असतं तर बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती, आणि घरातल्या पुरुषांनी कुलूप तर हातातच धरलं होतं. जाऊबाई देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी अंगणात येरझारा घालत त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुपारी त्या गृहस्थांचा फोन आला. मी एका दमात विचारलं, पैसे पाठवलेत का?

"नाही पाठवले," ते ओशाळून म्हणाले. "रागावू नका, पण आईने अडवलं. ती तुमच्याच भागातली. म्हणाली, जेवायला काय करू हे न विचारता आधी पैसे मागणारं घर मालवणचं नाही."

इतकं सुटल्यासारखं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं. पायरीवर बसून मी ढसाढसा रडायला लागले. जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, पदराने तोंड पुसलं आणि ठेवणीतल्या मराठीत विचारलं, "आईंना काय आवडतं? जेवायला काय करू?"