अम्फाईबाईंची बहिरी गाडी

तर इन्तोन त्या गाडीत उताणा पडला होता, पाय दाराबाहेर, आणि गाडीला सांगत होता, "नोकला फोन लाव." गाडीच्या यंत्रातली बाई मंजुळ आवाजात म्हणायची, कृपया पुन्हा सांगा. तो पुन्हा सांगायचा. समोरच्या खानावळीतून कोणीतरी विचारलं, घरच्या बायकोशी कधी एवढ्या गोडीनं बोललास का रे. इथवर काल आलो होतो, आणि मग तुमचा डोळा लागला.

इन्तोन म्हणजे आमच्या फ्रे गावातला गाड्यांचा वायरमन. माणूस सरळ, पण जिभेला धार. वायर कोणी तोडली हे तो मालकाच्या तोंडावर सांगायचा, मग मालक पोलिसातला का असेना. गाडी होती अम्फाईबाईंची. अर्धं गाव त्यांच्याकडे पाढे शिकलेलं, इन्तोनही त्यातलाच. बाईंचे यजमान मूत्रपिंडाच्या दुखण्यानं खचलेले. त्यांना घेऊन बाई स्वतः घाटातून लांपांगच्या दवाखान्यात जायच्या. त्यांची मुलगी नोक तिथेच परिचारिका. घाटात यजमानांना काही झालं तर स्टीअरिंगवरचा हात न काढता नोकला फोन लागला पाहिजे, एवढंच बाईंचं मागणं. आणि जुनी गाडी तर ऐकेनाशी झालेली.

इन्तोननं आधी फोन गाडीपासून तोडून पुन्हा जोडला. मग स्टीअरिंगवरचं बटण खोलून पाहिलं, ते ठीक. बाहेरचा गोंगाट नको म्हणून काचा लावल्या, एसीचा पंखा बंद केला, घामानं भिजला, तरी तेच. शेवटी त्यानं हातानं नंबर दाबून गाडीतूनच मला फोन लावला. माझा आवाज त्याला स्पीकरवर खणखणीत, त्याचा मला विहिरीच्या तळातून आल्यासारखा. म्हणजे गाडीचं डोकं शाबूत, कान बंद. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, एकदम नाही रे, दरवर्षी सोंगक्रानचा सण झाला की थोडी जास्त बहिरी होते.

गाडीचा कान, म्हणजे माइक, कुठे, तर चालकाच्या डोक्यावर, छतातल्या दिव्याशेजारी, बारीक भोकांची जाळी. आणि आमच्याकडे नवी गाडी पहिल्यांदा विहारात जाते. भंते पांढरी माती सुगंधी पाण्यात कालवतात आणि नेमके तिथेच, चालकाच्या डोक्यावर, बोटानं ठिपके काढतात, मंत्र म्हणत. बाकीचे एकदाच काढून घेतात. बाई शिस्तीच्या, त्या दर सोंगक्रानला गाडी थोरल्या भंतेंपुढे उभी करायच्या. ठिपक्यावर ठिपका, लेपावर लेप, आणि सगळी भोकं बुजलेली.

दोष सापडला की इन्तोनचा हात थांबत नाही. जुना दात घासायचा ब्रश, थोडं स्पिरिट, जाळी लख्ख. आता एवढं केलंच आहे तर म्हणून आसपासचं छतही पुसून काढलं. "नोकला फोन लाव," म्हणाला, आणि पलीकडे घंटी वाजली. तो एकटाच हसला. मग हातातल्या फडक्याकडे लक्ष गेलं. ते पांढरं झालं होतं.

थोरले भंते गेल्या पावसाळ्यात वारले होते. चितेला लाकूड द्यायला सगळं गाव गेलं होतं, इन्तोनही. ते ठिपके आता पुन्हा काढून मिळणार नव्हते.

पुढचं त्यानं मला फार नंतर सांगितलं, मान वर न करता. घरात घामोळ्याची पावडर होती. ती त्यानं पाण्यात कालवली आणि जाळी चुकवून, आठवतील तसे नऊ ठिपके बोटानं ठेवले. मंत्र येत नव्हता. आला असता तरी म्हणवला नसता, म्हणाला.

बाई आल्या. आधी छताकडे बघून हात जोडले, मग बसल्या, मग फोन लावला. लेकीचा आवाज ऐकून त्यांना रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला त्यांनी सांगितलं की इन्तोनसारखा प्रामाणिक कारागीर नाही. केळीच्या पानात बांधून चिकट भात आणि भाजलेला मासा घेऊन आल्या. इन्तोननं ते पुडकं माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं, मासा उत्तम होता. पण मला कळेना, याला झालंय काय. बाईंच्या गाडीचा आवाज आला की हा पठ्ठा दुसऱ्याच्या गाडीखाली शिरायचा. वायरमनचं गाडीखाली काय काम, म्हणून आम्ही चिडवायचो. तो आणखी आत सरकायचा.

मग यजमानांच्या शस्त्रक्रियेचा दिवस उजाडला. घाटात जाण्याआधी बाईंनी गाडी दुकानापुढे थांबवली, इन्तोनला सांगून जावं म्हणून. यजमान मागच्या सीटवर, उशीला टेकलेले. बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्हीही नमस्कार करा. थोरल्या भंतेंचा हात आहे डोक्यावर."

त्यांचे हात उचलेनात. कसेबसे छातीपर्यंत आले.

इन्तोन उठला. खिडकीतून हात घालून त्यानं गाडी बंद केली. म्हणाला, "बाई, ते ठिपके मी पुसले. जाळी साफ करताना. हे मी काढलेत, पावडरीचे."

बाई वर बघत राहिल्या. मागे यजमानांचे हात जोडलेलेच होते. मग वर्गात विचारायच्या त्या आवाजात बाईंनी विचारलं, "मग इतके दिवस मी हात कोणाला जोडत होते, इन्तोन?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्या बोटाला, बाई. आणि ते त्या दिवशी धुतलेलंही नव्हतं."