जोडीचा देश

या जगात जे जे एकटं आहे ते ते एक दिवस बुडणार, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. मी कोलशेतला त्यांच्या चाळीत अकरा वर्षं राहिलो. शाळेत दिवसभर घसा खरवडून घरी यावं, तर ओट्यावर हे हजर. दोन्ही मनगटांवर घड्याळं, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. दोन घड्याळांत सात मिनिटांचा फरक असे. ते मधली वेळ धरून चालत आणि प्रत्येक लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचत. गॅससाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते तेव्हा यांच्याकडे दोन शेगड्या, दोन कनेक्शनं. स्कूटरीही दोन, चालवता एकही येत नसे. डॉक्टर दोन, पहिल्याचं औषध दुसऱ्याला दाखवायचं आणि मग दोघांचंही फेकून द्यायचं. मी एकदा वैतागून विचारलं, “मग दादा, वहिनी तेवढ्या एकच कशा?” आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. दादा हळूच म्हणाले, “मास्तर, ती येकटीच दोघींना भारी हाय.”

खोली भाड्याने देताना कुलपाच्या दोन किल्ल्या ते स्वतः आणत. एक भाडेकरूच्या हातावर, दुसरी आपल्या करगोट्याला. “येक तुमच्याकरं, येक माझ्याकरं. येका किल्लीवर मानूस जगत नाय.” भाडेकरू बाहेरगावी गेला की त्याच्या तुळशीला पाणी घालणं, मांजरीला दूध ठेवणं हे सगळं ते न सांगता करत. माझी आई घरात एकटी असताना कोसळली, तेव्हा आमचं कुलूप त्यांनी उघडलं म्हणूनच तिला दवाखान्यात वेळेवर नेता आलं. असो.

या वेडाचं मूळ खाडीत होतं. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, तेवढं एकच. एक दिवस कागद आला, वडिलांनी अंगठा उठवला आणि पुढच्या हंगामात तिथे कारखान्याचं कुंपण पडलं. म्हातारा नंतर कितीतरी दिवस कुंपणापाशी जाऊन बसे. पुढे गावाकडच्या उरलेल्या जमिनीला बिल्डरांनी असा भाव दिला, की दादांना तो मोजता येईना आणि आम्हांला ऐकवेना. पण एवढा पैसा येऊनही पोस्टमनच्या हातात खाकी लिफाफा दिसला, की दादांचा चेहरा उतरत असे. पुन्हा कोणी आपल्याला उठवील, ही त्यांची खरी धास्ती होती.

अशा माणसाला मुंबईचा तो सफारीतला एजंट भेटला. समुद्रातला कुठलासा चिमुकला देश, तिथे पैसे गुंतवले की माणूस तिथला नागरिक होतो, हे त्याने सांगितलं आणि दादा भारून गेले. जोडीचा देश! मी शाळेतला नकाशा आणला. तो देश सापडेना. शेवटी समुद्राच्या नावातल्या एका अक्षराखाली ठिपका दिसला. दादांनी दोन्ही चष्मे लावून तो पाहिला. “ल्हान हाय. पन मना मिठागरापुरताच हवा ना देस?”

त्यानंतर दोन वर्षं माझे रविवार त्या देशाने खाल्ले. इंग्रजी येणारा चाळीत मीच. फॉर्म भरायचे, दाखले जोडायचे, एजंटाने परत पाठवले की पुन्हा भरायचे. जन्मतारीख विचारली, तर उत्तर मिळालं, “उधानानं बांध फुटला त्या साली.” आम्हा मास्तरांना अशा वेळी एक जून फार उपयोगी पडतो, तो टाकला. त्यावर दादा हिरमुसले, “दोन नाय टाकता येत?” गावात मात्र त्यांचे पेढे वाटून झाले होते. कोणी शंका काढली तर म्हणत, “सातबाऱ्यावर बायकोचं नाव चरवलं, म्हनून माझं पुसलं काय?”

शेवटचा कागद आला तेव्हा मी खरंच थकलो होतो. एजंटाने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, तिथे सही घ्यायची एवढंच. कबूल करतो, न वाचता सही घ्यावी असं मनात आलं. तेवढ्यात दादांनी पेन पुढे केलं, अर्थात दोन पेनं, आणि मला लाज वाटली. मी वाचलं. त्या देशाचं नागरिकत्व मिळालं की इथलं सोडावं लागेल, पासपोर्ट परत करावा लागेल.

“म्हंजे येक दिला का येक घेतात?”

“हो.”

“मंग दुसरा कसला? येकच राहिला की!”

दादा दोन्ही पेनांना टोपणं लावून म्हणाले, “माझ्या बापाला त्याचा कागद कोनी वाचून नाय दावला, मास्तर.” एजंट पुढे तीनदा येऊन चहा पिऊन गेला. सही काही मिळाली नाही.

दोन-तीन वर्षांनी मी डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक घेतला. सामान टेम्पोत चढत असताना दादा हात पसरून उभे. “दुसरी किल्ली द्या. मना कुठंतरी जोडीचं ठिकान नको?” मी हसत दिली. वर्षभराने आमच्या इमारतीत चोरी झाली आणि आम्ही कुलूप बदललं. नव्या कुलपाची दुसरी किल्ली दादांना नेऊन द्यायची ठरवली होती. पण परीक्षा, पेपर, कंटाळा, तो रविवार काही उगवला नाही. एकदा आम्ही कल्याणहून लग्न उरकून परतलो, तर दादा जिन्यात बसलेले, शेजारी दोन नारळ. मी ओशाळून म्हटलं, “अहो, किल्ली...” तर मला पुढे बोलूच दिलं नाही. “घरी राहिली, मास्तर. म्हातारा झालो.” चहा घेतला, भिंतींवरून हात फिरवला आणि समाधानाने गेले. किल्ली घरी राहिली हे ऐकून मला हायसंच वाटलं होतं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी कोलशेतला गेलो. वहिनींनी देवाच्या फोटोमागून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. माझीच, जुन्या कुलपाची.

“तुमची हाय ना? करगोट्याला बांधलेली. तुमी दिली त्या दिसापासून आंघोलीलाबी कवा सोरली नाय.”

मी ती घेऊन घरी आलो. नवी दुसरी किल्ली कपाटाच्या खणात तशीच होती, त्यांच्यासाठी म्हणून दोऱ्यात ओवून ठेवलेली.