अनंताच्या कुंडीसाठी आणलेली गांडुळं

शेजारी रंगीत टीव्ही आला त्याच महिन्यात आमच्या मुलुंडच्या घरी गांडुळं आली. नवरा कुठल्याशा व्याख्यानाला गेला आणि भिजल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. आंब्याच्या पेटीत शेण, पाचोळा, भाजीची देठं घालून त्याने गॅलरीत त्यांचा संसार थाटला. "मीठमसाल्याचं काही टाकायचं नाही हं," असं चारदा बजावलं. पोटच्या पोरांचं पथ्य ह्या माणसाला कधी ठाऊक नव्हतं!

पण कारण खरं होतं. सासरे गेल्यावर सासूबाई मालवणहून आमच्याकडे आल्या, त्या सासऱ्यांनी लावलेल्या अनंताची फांदी घेऊनच. कुंडीत ती जगली, पण दोन वर्षं कळी नाही, आणि आता पानंही पिवळी पडून गळायला लागली होती. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. रोज सकाळी गळलेली पानं उचलून पदरात घ्यायच्या. मला ते बघवत नसे.

गांडुळांना मात्र त्यांनी नाक मुरडलं. "शी! ही काय घरात ठेवची वस्तू?"

वाट लावली ती मी. मासळी धुतलेलं पाणी आमच्यात कुणी मोरीत ओतत नाही, ते झाडाला. त्या दिवशी मोठ्या हौसेने पेटीत ओतलं. आणि मासळी कोणती, तर खारा बांगडा! तासाभरात गांडुळं वळवळत पेटीबाहेर, काही तर जागच्या जागी गार. मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी पदर खोचला. शी म्हणणाऱ्या त्या बाईने एकेक गांडूळ बोटांनी उचललं, साध्या पाण्यातून काढलं आणि नव्या शेणात सोडलं. संध्याकाळी नवरा ओरडला तेव्हा म्हणाल्या, "माझ्याच हातान झाला." मी गप्प बसले. त्याची अजून लाज वाटते.

उरलेल्यांनी काम केलं. चहाच्या भुकटीसारखं काळं, मोकळं खत झालं. ते आम्ही मूठमूठ कुंडीत घालत राहिलो. काही महिन्यांनी एका सकाळी गॅलरीतून हाक आली, "गो, हय ये!" पांढरंशुभ्र फूल! नवरा तर असा मिरवायला लागला की जणू तोच फुललाय.

सासूबाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "ह्यांका सांगूक होया," म्हणत त्या लगबगीने आत वळल्या. सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. दारात पोचल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मी धावत जाऊन त्यांना धरलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या.