डावा पीळ

पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीने काचेकाका हे नवं नाव दिलं. गावातला काचकारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. तिथले कारागीर पाळी संपली, की भट्टीत उरलेल्या काचेचे हंस, टोप्या, काठ्या करून घरी नेत. त्यांवर कुणाचं नाव नसे. काका नेमक्या त्याच वस्तू गोळा करत.

"लोक सोनंनाणं जमवतात, आमच्याकडे उष्टंखरकटं," बायको म्हणायची. पण पुसायचा मऊ फडका तीच धुऊन ठेवायची.

तीन वस्तूंवर रंगीत रेघांचा पीळ डावीकडे वळलेला होता, बाकी साऱ्यांचा उजवीकडे. हे एकाच डावखुऱ्याचं काम, तो कोण एवढं कळावं, हा काकांचा ध्यास. मेहुणा चिडवायचा, "भाऊजी, कारखान्याच्या विकाऊ मालात एकही डावा पीळ नाही. तुमचा डावखुरा काय फक्त संध्याकाळी उगवायचा?" काका डाव्या पिळाचा हंस फडक्याने पुसत राहायचे.

एकदा ते सकाळी लवकर पाव आणायला गेले. बेकरीवाली आतल्या ओट्यावर पीठ लाटत होती. लाटणं काचेचं. निळ्या रेघा, डावीकडे वळलेल्या.

"हे विकत देता?" काकांच्या तोंडून निसटलं.

"आणि मी काय मनगटाने लाटू?"

"संगमरवरी आणून देतो."

"नको काका. सासऱ्यांनी सासूबाईंसाठी केलेलं आहे."

काकांचा आवाज बारीक झाला. "सासरे डावखुरे होते?"

तिचा हात थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, कात्रीसुद्धा डाव्या हाताने धरायचे. पण कारखान्यात साहेब ओरडायचा, म्हणून दिवसभर उजव्या हाताने काम. भोंगा झाला, की डावा मोकळा."

काका पिठाच्या पोत्यावर बसले. सदरा पांढरा झाला, त्याचं भान नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती लाटणं टॉवेलात गुंडाळून त्यांच्या घरी आली. चौघे भाऊ एकत्र यावेत तशा चारही वस्तू टेबलावर मांडल्या. तिने हंस उचलला.

"याची मान एवढी जाड का ठेवली असेल?"

"काच निवत आली असणार," काका म्हणाले. "ओढायला वेळ मिळाला नसेल."

"वेळ कसला," ती हसली. "भूक लागली असेल. भुकेचे कच्चे होते फार."


काकांच्या बायकोने चहा टाकला.