दोन खाचा खाली

आमच्या समूहगान मंडळात गाणं सुरू करायचा एक शिरस्ता आहे. पहिली ओळ एकटीने गायची, इतकी वर्षं ती बाईंची, मग आम्ही बावीस जणी ती उचलतो. इतर मंडळांत पेटी सूर देते आणि सगळे एकदम तोंड उघडतात; बाईंना ते मुळीच पसंत नाही. सूर माणसाकडून घ्यावा, खोक्याकडून नाही, असं त्या सगळ्यांना ऐकवतात आणि मी त्या खोक्यामागे बसून गेली अकरा वर्षं ते निमूट ऐकते.

बाई डोंबिवलीच्या एका शाळेतल्या निवृत्त संगीतशिक्षिका. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून त्यांच्याकडे शिकले. लग्न होऊन कोपरीला आले, मुलं मोठी झाली, आणि पुन्हा दर शनिवारी दुपारी डोंबिवलीला तालमीला जायला लागले. एरवी मी चांगली भांडखोर बाई आहे. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाला सोडत नाही. बाईंसमोर मात्र माझी बोबडी वळते, आणि पुढचं सगळं त्यापायीच झालं.

बाईंची पट्टी काळी चार. म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. उभं आयुष्य त्या तिथेच गायल्या आणि कुणी विचारलं तर घरचा पत्ता सांगावा तशा ठणकावून सांगायच्या. तीन वर्षांपूर्वी एका तालमीत वरच्या सुरावर त्यांचा आवाज तडकला. पुढच्या शनिवारी पुन्हा. बाईंनी खाकरून पाणी मागितलं, आणि दुसऱ्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी पेटी स्केलचेंजर आहे. तिची मूठ सरकवली की पट्ट्यांची अख्खी फळी एक खाच बाजूला जाते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. बोटं मात्र काळी चारवरच दिसतात. त्यानंतरच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले, फळी एक खाच खाली घेतली आणि मुठीवर रुमाल टाकला. मंडळाचं तंबोऱ्याचं मशीन मीच लावते, तेही उतरवलं. राहिला तबला. तबलेवाले काका कल्याणचे, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी एक थाप मारली, कान दिला, माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी काढून गुपचूप तबला उतरवला.

तालीम संपल्यावर म्हणाले, "मी काय बघितलेलं नाही हां. पण बाईंना कळलं ना, तर तुला पेटीसकट खाडीत टाकतील."

बाई त्या दिवशी सुरेख गायल्या. दुसऱ्या रांगेकडे मी अशा तोऱ्यात पाहिलं की विचारू नका. वर्षभराने पुन्हा ओढाताण दिसली तेव्हा दुसरी खाच घेतली. आपण केवढं पुण्याचं काम करतोय असं मला मनापासून वाटायचं.

मग यंदा ठाण्याचा कार्यक्रम ठरला. टेंभी नाक्याजवळचं एक मंडळ आणि आम्ही, दोघांनी मिळून गायचं. त्यांचा प्रमुख तिशीतला, हुशार पोरगा, सगळा कारभार मोबाइलवर. बासरी आणि सतार आधी रेकॉर्ड करायची आणि आपण त्यावर गायचं, अशी त्याची पद्धत. त्याने बाईंना फोन करून पट्टी विचारली. बाई म्हणाल्या, काळी चार, दुसरी कुठली? आठवड्याभरात ग्रुपवर रेकॉर्डिंग आलं. खरीखुरी काळी चार. भरल्या नाट्यगृहात पहिली ओळ बाईंची, एकटीची, आणि तिथे त्यांचा आवाज जाणार नाही हे जगात फक्त मला आणि काकांना माहीत होतं.

मी त्या पोराला फोन केला. एक स्वर उतरवता येईल का विचारलं.

"ताई, बासरीवाला आता परत येणार नाय. मशीनवर उतरवलं तर बासरी रडकी वाटते. आणि बाईच बोलल्या ना काळी चार? मग कशाला टेन्शन घेताय?"

काकांनी सांगितलं, "सांगून टाक एकदाचं. मी पण येतो सोबत." जायच्या दिवशी त्यांना नेमकी पाठदुखी झाली. मंगळवारी सकाळी मी एकटीच डोंबिवलीला गेले.

बाई ताटलीत पावटे सोलत बसल्या होत्या. मी चप्पल काढली, खाली बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मूठ, रुमाल, तबला, सगळं. बाईंचा हात थांबला.

"किती खाली?"

"दोन खाचा."

"कधीपासून?"

"पहिली तीन वर्षांपूर्वी."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येऊन दार दाखवणार. त्या आल्या त्या दोन हातांत तंबोऱ्याची दोन मशिनं घेऊन. दोन्ही त्यांनी पावट्यांच्या शेजारी ठेवली.

"हे जुनं. हे मी नंतर आणलं, जुनं बिघडलं म्हणून. शनिवारी तुमच्यात काळी चार गाऊन यायचे, घरी मशीन काळी चारला लावलं की ते चढं वाटायचं. नवं आणलं, तर तेही चढं. मग म्हटलं, दोन-दोन मशिनं कशी बिघडतील? आपला कानच गेला."

मला क्षणभर कळेचना त्या काय म्हणताहेत. मग उजेड पडला: मशिनं ठीकच होती, उतरवलेली होती ती माझी पेटी.

मुलाला न सांगता त्या रिक्षा करून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. त्याने तपासून सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. "त्याला सुरातलं काय कळणार!" म्हणून बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. दगदग होत नाही असं सांगून घरच्या शिकवण्या बंद केल्या. तालमीत चुका काढणंही थांबवलं. बाई अलीकडे मवाळ झाल्यात, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो.

"चूक ऐकू यायची गं," त्या म्हणाल्या. "पण ती समोरच्याची की माझ्या कानाची, हे कोणाला विचारू?"

"बाई, एकदा पेटी तपासावी असं नाही वाटलं?"

"पेटीवर तू होतीस ना."

मी खाली मान घालून पावटे सोलू लागले.

बाईंनी नवं मशीन काळी चारला लावलं आणि ती पहिली ओळ गायला घेतली. वर जाताना आवाज तडकला. पुन्हा गायल्या, पुन्हा तडकला. तिसऱ्यांदा मध्येच थांबल्या, हसायला लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

"गळा गेलाय! अगं, नुसता गळाच गेलाय माझा!"

माझाही बांध फुटला. इतकं मोकळं वाटलं की नाक पुसायचंही भान राहिलं नाही. बाईंनी मग मला पाऊण तास झापलं. मी फसवलं म्हणून, काकांना सामील केलं म्हणून, आणि दोन खाचा उतरवूनही मंडळातल्या एकीलाही कळलं नाही म्हणजे तुम्हाला आजवर काय शिकवलं मी, म्हणून. आयुष्यात इतकी सुखाने बोलणी खाल्ली नव्हती. निघताना त्यांनी पावट्याची उसळ डब्यात भरून दिली.

शनिवारी बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की पहिली ओळ आता त्या गाणार नाहीत, गळा साथ देत नाही. कारण एवढंच सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. ओळ दिली दुसऱ्या रांगेतल्या त्या दोघींपैकी एकीला. ती रडली. मी तिच्यावर तीन वर्षं उगाच डूख धरून होते.

ठाण्याला बाई रंगमंचावर आल्याच नाहीत. प्रेक्षकांत पुढे जाऊन बसल्या, हातात पेन घेऊन. गाणं झालं, टाळ्या झाल्या, त्या पोराने उत्साहाने सगळ्यांचे फोटो काढले. मागच्या बाजूला चहा घेत असताना बाईंनी कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात ठेवली. पाठीमागे बारीक अक्षरात आमच्या सात चुका लिहिल्या होत्या. पहिलीच माझी, दुसऱ्या कडव्यात भाता ढिला पडला म्हणून.

दोन दिवसांनी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आलं. ती पत्रिका मांडीवर घेऊन मी ते तीनदा ऐकलं, एकेक जागा थांबवून तपासली. मग बाईंना फोन लावला आणि सांगितलं, "बाई, सातही बरोबर आहेत."