कर्कच्या मेंदूचं चित्र

लोरीन हॉगनला पोराला वळण लावता आलं नाही, हा निकाल आयोवातल्या त्या एवढ्याशा गावानं कधीच देऊन टाकला होता. कर्कनं शेजाऱ्यांचं कुत्रं गॅरेजात कोंडून मारलं, तेव्हा शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी लक्ष हवं. मोठेपणी त्यानं एका म्हातारीला लुबाडून पायऱ्यांवरून ढकललं, तेव्हा नणंद म्हणाली, "लाडावून ठेवलास." नवरा केव्हाच निघून गेलेला, त्यामुळे बोलणी खायला ती एकटीच उरली. त्याच घरात वाढलेली धाकटी मुलगी सरळ निघाली, हे मात्र कुणी हिशेबात धरायचंच नाही.

मग कर्क होता त्या तुरुंगाच्या आवारात मेंदूची चित्रं काढणारं स्कॅनचं यंत्र बसवलेला ट्रक आला. संशोधनात भाग घेणाऱ्या प्रत्येक कैद्याला स्वतःच्या मेंदूचं एक चित्र मिळे. कर्कनं आपलं घरी पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "आई, भीती नि दयामाया वाटायची जागा माझ्यात लहान आहे. माझा काय दोष?"

लोरीनला आनंदानं रडू फुटलं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तिनं ते चित्र नणंदेसमोर ठेवलं. "बघ. जात्याच तसा."

नणंदेनं चष्मा लावला. "मला तर अक्रोड दिसतोय."

लोरीननं चिडून थेट ट्रकवाल्या संशोधक बाईंनाच फोन लावला. त्या सरळ बोलल्या. शेकडो माणसांची सरासरी काढली तर थोडा फरक दिसतो. एका चित्रावरून एका माणसाचं सांगता येत नाही. तो फरक जन्मापासूनचा की मार, दारू, जगणं यांतून आलेला, तेही नाही.

"मग माझं चुकलं की नाही?"

"ते चित्रात दिसत नाही हो."

"मग एवढा ट्रक आणलात कशाला?"

पॅरोलच्या, म्हणजे मुदतीआधी सुटकेच्या, सुनावणीत कर्कनं तेच चित्र पुढे केलं. "मी असाच घडलोय." समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, "मग बाहेर सोडल्यावर काय बदलेल?" आणि अर्ज फेटाळला.

पुढच्या भेटीला लोरीननं नेहमीसारखा भेटीच्या खोलीतल्या मशीनमधून घेतलेला बर्गर गरम करून त्याच्यापुढे ठेवला. तो तणतणतच होता. ती म्हणाली, "एकदा तरी म्हण रे, आईचं काही चुकलं नाही. एवढंच हवंय मला."

कर्क चावता चावता थांबला. "डोकं काय मी दुकानातून आणलं? तुझ्याच पोटात झालं ना?" आणि सॉससाठी हात पुढे केला.

तिनं पुडी फोडून दिली.